मिरचीचे माहेर

परक्या शहरी चार दिवसांसाठी जाणारा मनुष्य ते शहर पाहतो. चार महिन्यांसाठी जाणारा ते पाहण्याचे सोडून देतो आणि तेथे भाजी आणू लागतो. या दोघांपैकी त्या शहराची ओळख कोणास अधिक झाली असे कोणी विचारील, तर आमचा कौल निःसंकोचपणे पिशवीवाल्यास पडेल. प्रेक्षणीय स्थळे सर्वांस सारखीच दिसतात. परंतु टोमॅटो कोणत्या दुकानी चोख मिळतात, दुपारी रस्त्याच्या कोणत्या बाजूस सावली असते आणि शेजारचा कुत्रा भुंकतो पण चावत नाही, हे ज्ञान कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात छापलेले नसते. तेच खरे नागरिकत्व होय.

असे नागरिकत्व आम्ही उभयतांनी गेल्या हिवाळ्यात मेक्सिको देशातील वाहाका या शहरी उपभोगले. कॉलेजातून दीर्घ रजा मिळाली होती. आमची एकुलती एक कन्या संशोधनाच्या निमित्ताने तेथे गेली, ती तेथलीच सून होऊन राहिली आहे. आणि नात पाच वर्षांची झाली तरी तिला मांडीवर घेण्याचा योग आम्हांस अवघा दोनदा आला होता. तेव्हा ऑक्टोबरच्या अखेरीस निघालो, ते फेब्रुवारीच्या मध्यास परतलो.

वाहाका समुद्रसपाटीपासून सुमारे १,५५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आमच्या महाबळेश्वराहूनही उंच. हिवाळा अगदी कोरडा. सकाळी शाल, दुपारी टोपी, दिवेलागणीस पुन्हा शाल, एवढाच तेथला ऋतुविचार. हिरवट दगडाच्या इमारतींचे जुने शहर आणि लगतच्या डोंगरावरील मोंते आल्बानचे भग्नावशेष यांस १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. ते सर्व आम्ही पहिल्या आठवड्यातच पाहून घेतले आणि मग निवांतपणे राहण्यास आरंभ केला.

दिवस आरोळ्यांनी उजाडे. नळाचे पाणी तेथे कोणी पीत नाही. त्यामुळे वीस लिटरांचे जार घेऊन पाणीवाला ओरडत येई, आणि त्याच्या मागोमाग गॅसच्या गाडीची ठरलेली धून ऐकू येई. वाटेत भेटेल त्यास नमस्कार करावा, आणि खानावळीत जेवत असलेल्यांच्या शेजारून जाताना 'प्रोवेचो', म्हणजे अन्न अंगी लागो, असे म्हणावे हा तेथील शिष्टाचार. आमच्या स्पॅनिश भाषेच्या भांडवलात हा शब्द पहिला आणि पुष्कळ दिवस एकटाच होता. तीस वर्षे विद्यार्थ्यांस शेक्सपिअर समजावून देणाऱ्या आमच्या इंग्रजीस तेथल्या मंडईत कवडीचीही किंमत नव्हती. आमच्या सौ. मात्र आठ दिवसांत भाव करू लागल्या. बोटे, भुवया आणि शुद्ध मराठी एवढ्या सामग्रीवर त्या किलोभर वाटाण्यावर मूठभर वाटाणे वर घालून आणीत. या वर घातलेल्या मालास तिकडे 'पिलोन' म्हणतात. व्याकरणाच्या पुस्तकात आम्हांस हा शब्द आढळला नाही, सौ.ना तो पहिल्याच खेपेस आढळला.

दुपारचे मुख्य जेवण दोन-तीनच्या सुमारास आटोपले, की आम्ही शहराच्या मध्यवर्ती चौकात जाऊन बसत असू. तेथील प्रचंड वृक्षांस लोक 'हिंदुस्थानचा लॉरेल' म्हणतात. पाने निरखून पाहिली, तो आमचे नांदरूकच! त्या सावलीत बसले म्हणजे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची हटकून आठवण होई. १८८४ साली वर्धेस जन्मलेला हा क्रांतिकारक परागंदा होऊन मेक्सिकोत आला, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाला, मक्यावर संशोधन करीत राहिला, आणि अखेर मायदेशी परतून १९६७ साली नागपुरास त्याने देह ठेवला. नांदरुकास परतण्याची चिंता नसते. जेथे पाणी मिळेल तेथे ते सावली धरते. माणसाचे तसे नाही.

या विचारास खरी धार आली ती मंडईतील मिरचीच्या दुकानापुढे. पोतीच्या पोती वाळल्या मिरच्या: तांबड्या, विटकरी, काळ्याभोर, सुरकुतलेल्या आणि गुळगुळीत, प्रत्येकीस वेगळे नाव आणि वेगळा मान. काही मिरच्या जवळजवळ करपेपर्यंत भाजून त्यांचा 'काळा मोले' नावाचा दाट रस्सा करतात. त्या भाजणीचा खकाणा गल्लीत पसरला की आमच्या सौ. खोकत खोकत म्हणत, "अगदी आपल्याकडे मसाला कुटतात तेव्हासारखं वाटतं हो!"

वाटावयाचेच, कारण मिरची मूळची तिकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आमच्या किनाऱ्यास लागली. ज्ञानदेवांच्या काळी महाराष्ट्रात कोणाच्याही पानात मिरची नव्हती. तिखट म्हणजे मिरी. आज ठेच्यावाचून भाकरी मुकी वाटते, आणि मिरची परकी आहे असे शेतकऱ्यास सांगितले तर तो आपल्याकडे संशयाने पाहील. दसऱ्याचा झेंडूही तिकडचाच. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी वाहाक्यात घरोघरी पितरांच्या वाटेवर झेंडूच्या पाकळ्या पसरतात. आम्ही तोच झेंडू तोरणात ओवून दारावर बांधतो. मेक्सिको हे मिरचीचे माहेर. आमच्या घरी ती सून म्हणून आली, आणि आमच्या रीतीप्रमाणे तिचे माहेरचे नावही आम्ही पुसून टाकले. मूळची 'चिली' ती. थोरल्या जावेच्या, म्हणजे मिरीच्या, नावावरून तिची मिरची झाली. ती आपल्याकडे ठेवून घेताना आम्ही तिच्या माहेरच्यांची परवानगी कधी मागितली नाही. आता त्यांनी आमची लेक ठेवून घेतली. हे साटेलोटे चारशे वर्षांनी पुरे झाले, एवढेच.

हा युक्तिवाद तर्कास पटतो. मनास पटावयास हिवाळा लागला.

कारण आमची नात स्पॅनिशमध्ये स्वप्ने पाहते. मराठी तिला समजते. बोलतेही, पण पाहुण्यासारखी, जपून. आजीने हाक मारली की पहिला उद्गार स्पॅनिश निघतो आणि मराठी त्याच्या मागून धावत येते. कन्या नोकरीवरून दमून येते. जावई मोठे गुणी, पण त्यांना मराठी येत नाही. असे असता मुलीस दोष कोणी द्यावा? आणि दोष नाही म्हणून दुःख थोडेच नाहीसे होते?

या दुःखास सोबत मिळाली ती अनपेक्षित ठिकाणी. आमच्या विहीणबाई खोऱ्यातल्या एका खेड्यातल्या. त्यांची मातृभाषा झापोतेक; स्पॅनिश त्या शाळेत शिकल्या. दर गुरुवारी त्या येत, आणि मग दोन विहिणींचे राज्य स्वयंपाकघरात सुरू होई. तेथील भांडी पाहून सौ.ना हर्ष झाला: 'कोमाल' म्हणजे तवा, 'मेताते' म्हणजे उतरता पाटा, आणि कढत चॉकलेटास फेस आणण्यासाठी दोन तळव्यांत घुसळावयाचा 'मोलिनियो' म्हणजे तर आमची रवीच. मका मात्र विहीणबाई चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवीत, आणि मगच दळून त्याच्या पोळ्या थापीत. आमच्याकडे चुना पानास लागतो, त्यांच्याकडे भाकरीस.

या चुन्याचे मर्म मोठे आहे. त्याच्या योगाने मक्याचे टरफल सुटते, आणि धान्यात अडकून राहिलेले एक जीवनसत्त्व शरीरास मिळू लागते. मका युरोपात गेला तेव्हा एकटाच गेला. चुन्याची युक्ती माहेरीच राहिली. परिणामी मक्यावरच जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत, विशेषतः इटलीत, अठराव्या शतकापासून पेलाग्रा नावाचा भयंकर रोग पसरला. धान्य तेच, पोटही भरत होते. परंतु अंगी लागत नव्हते.

एका गुरुवारी पीठ मळता मळता विहीणबाई काही बोलल्या. मध्ये बसलेली आमची दुभाषी क्षणभर थांबली आणि मराठीत म्हणाली, "आजी, ही आजी म्हणते, तिच्या आईची भाषा बाबांना कळते, पण बाबा उत्तर स्पॅनिशमध्ये देतात. तिलापण तिच्या भाषेत बोलायला घरात कोणी नाही."

सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी विहिणीच्या हातावर पिठाचाच हात ठेवला.

या प्रदेशाने हा प्रश्न फार पूर्वीपासून भोगला आहे. १८०६ साली गेलाताव या डोंगरी खेड्यात झापोतेक कुटुंबात जन्मलेले बेनितो हुआरेस बाराव्या वर्षी वाहाक्यास आले, तेव्हा त्यांस स्पॅनिश जेमतेम येत होती. पुढे ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. परकी भाषा घेतल्याने मनुष्य लहान होत नाही याचा याहून मोठा दाखला नको. आमचे अवघे आयुष्य परक्या भाषेच्या अन्नावर गेले आहे; आम्ही तरी कोणत्या तोंडाने तक्रार करावी? प्रश्न मका खाण्याचा नाहीच. चुना बरोबर नेला की नाही, एवढाच आहे.

म्हणून आम्ही रोज रात्री नातीस एक मराठी गोष्ट सांगण्याचा नेम धरला. पहिली गोष्ट अर्थात चिऊ-काऊची. डिसेंबरात पोसादा आल्या. १६ ते २४ तारखेपर्यंत नऊ रात्री लोक मेणबत्त्या घेऊन निघतात, आणि मेरी व जोसेफ यांच्या वतीने दाराशी उभे राहून गाण्यातून आसरा मागतात. आतले गाण्यातूनच नाही म्हणतात. पुष्कळ आर्जवांनंतर दार उघडते, आणि मग सर्वांस खाऊपिऊ घालतात. तिसऱ्या रात्री परत आल्यावर नात अंथरुणात शिरून म्हणाली, "आजोबा, कावळ्याला पोसादाचं गाणं शिकवा ना. मग चिऊला दार उघडावंच लागेल."

आमच्या शेणाच्या घराच्या कावळ्यास त्या रात्री स्पॅनिश गाणे आले आणि चिऊने दार उघडले. शेकडो वर्षे बाहेर भिजत असलेला तो पक्षी प्रथमच वेळेवर घरात आला. गोष्ट बदलली हे खरे. परंतु ती मराठीत बदलली.

सहा जानेवारीस तिकडे राजांच्या सणाचा कडेवजा गोड पाव कापतात. ज्याच्या तुकड्यात लहानशी बाहुली निघेल, त्याने दोन फेब्रुवारीस सर्वांस तामाले जेवू घालावयाचे. बाहुली सौ.च्या तुकड्यात निघाली. विहीणबाईंच्या हाताखाली त्यांनी केळीच्या पानांत मक्याचे पीठ बांधून उकडले, आणि आपली पानगी आठवून थोड्या पानांत तांदळाचे पीठ व गूळही बांधला. शेजारची मंडळी दोन्ही खाऊन गेली. परक्या गावी आपल्यास कोणी जेवू घातले तर आपण पाहुणे; आपण जेवू घातले की घरचे. त्या दिवशी आम्ही तेथले झालो, आणि पंधरवड्याने निघालो.

आता दर रविवारी सकाळी आम्ही पडद्यावर नातीस गोष्ट सांगतो. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. लेक परत येईल की नाही, हा प्रश्न आम्ही हल्ली विचारीत नाही. मिरचीस तो कोणी विचारला नव्हता, आणि तिच्यावाचून आज आमचे एक जेवण होत नाही. आमची लेकही त्या देशास अशीच हवीहवीशी होवो. मात्र मिरचीस माहेरचे नाव राहिले नाही, ते आमच्या नातीस राहावे, एवढीच या म्हाताऱ्या मास्तराची इच्छा आहे. चुना फारसा लागत नाही, चिमूटभर पुरतो. पण तो रोज लागतो.