सांध्यांना सोसेल असे घर

आमवात म्हटला की आपण औषध आणि पथ्य यांचाच विचार करतो; घराचा क्वचितच. मन आणि म्हैस या नद्यांच्या काठच्या आमच्या बाळापुरातील घराचे जोते दीड फूट उंच. सासूबाईंना आमवात आहे. त्या रात्री पाणी पिणेच टाळू लागल्या, कारण शौचालयाची घट्ट कडी त्यांच्या सुजलेल्या बोटांना सरकत नसे आणि उकिडवे बसून उठणे तर अशक्यच. वर्षभर त्या याविषयी कोणाशी बोलल्या नाहीत.

उताराची चढण १:१२ पेक्षा तीव्र नसावी, म्हणजे दीड फुटाला १८ फूट लांबी. गल्लीत एवढी जागा कुठली? परसदारी मात्र ती मिळाली. दाराला कोपरानेही दाबता येईल अशी आडवी मूठ, १८ इंच उंचीचा कमोड आणि शेजारच्या भिंतीत पक्का दांडा बसवला. गुळगुळीत फरशी मी हट्टाने काढवली. गवंड्याला ते मुळीच पटले नाही. आता सासूबाईंच्या उशाशी भरलेला तांब्या असतो.

आपणही सकाळी, सांधे सर्वाधिक आखडलेले असतात त्या वेळी, रुग्णासोबत घरभर फिरून पाहा. विचारले तर ‘बरे आहे’ एवढेच उत्तर मिळेल. म्हणून कोणत्या दारापाशी हात थबकतो, ते टिपून ठेवा.