टाकी आणि पोढी

पाऊस थांबल्यावर, भाजे गावातल्या घराच्या ओसरीवर, मेथॅनॉल आणि नायट्रोमेथेनच्या मिश्रणावर धावणाऱ्या चिरंजीवांच्या रेडिओ-नियंत्रित खेळण्यातील मोटारीची गळकी इंधनटाकी सोडवून, एक नळी बोटाने दाबून, दुसरीतून फुंकर घालीत मी ती बादलीत बुडविली, तेव्हा बुडबुडे जोडातून नव्हे, झाकणाच्या रबरी कड्यापाशी उमटले. कसूर क्षुल्लक, परंतु धुराड्यातून टाकीत येणारा दाब तेथून निसटला की इंधन अपुरे पडून यंत्र वाजवीपेक्षा जास्त तापते. (जोडाला गोंद लावण्याचा माझा पूर्वीचा उद्योग अर्थातच फुकट गेला.)

टाकीवरून टाके आठवले: गावावरच्या भाजे लेण्यांत विण्हुदत्त नामक महारठीने दिलेल्या पोढीचा शिलालेख, म्हणजे पाण्याच्या टाक्याचा दानलेखच, आहे. त्या कातळातल्या टाक्याला ना जोड, ना कडे. माझे कडे मात्र उद्या लोणावळ्याहून आणावयाचे. तूर्त टाकी पालथी वाळत आहे.