कृष्णाकाठची टिकटिक

यंदा मे महिन्यात आठ दिवस वाईला राहिलो. पिशवीत एक बिनतारी कळफलक होता. हा प्रकार मोठा मजेदार! पाटीसारखा चपटा, पण प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग. नेहमीच्या यांत्रिक कळफलकाचे बटण सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते, याचे ३च्या आसपास. बोटांना श्रम कमी. टिकटिक मात्र कायम. शहरातल्या घरी या आवाजापायी रात्री मला स्वयंपाकघरात हद्दपार व्हावे लागे.

अण्णांना आता दिसत नाही. त्यांच्या आठवणी उतरवून घ्यायच्या, म्हणून हा खटाटोप. ज्या गावी मराठी विश्वकोशाची घडण झाली, तिथे माझी ही एका माणसाची बखर! सकाळी ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे, घाटाच्या पायऱ्यांवर जरा टेकावे आणि नऊला ओटीवर बैठक मांडावी. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, ही इन्स्क्रिप्टची वाटणी अंगवळणी पडलेली. अण्णा सांगत आणि मी टिपत असे.

एके दिवशी, शेवटच्या आजारात आई काय म्हणाली, ते अण्णा सांगू लागले. मला ते ठाऊक नव्हते. बोटे जागीच थांबली.

"का रे, थांबलास?" अण्णांनी विचारले.

तेव्हा उमगले, त्यांना हा आवाजच दिसत होता! आपला शब्द वाया जात नाही, याची ती पावती होती.

"नाही अण्णा, सांगा."

टिकटिक पुन्हा सुरू झाली.

ती पाने वाचल्यापासून आमच्या घरात त्या आवाजाची तक्रार कोणी करीत नाही.