वाजत राहिलेले टाळ : एका खेळाच्या चौथ्या आवृत्तीची गोष्ट

१/
लोणंदच्या पालखीतळावर संध्याकाळी समाजआरतीसाठी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळांचा गजर चालू असतो. चोपदार हातातला दंड उंचावतो आणि क्षणार्धात सारा तळ नि:शब्द होतो. मात्र कधीकधी एखाद्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत. तो बेशिस्तपणा नसतो. त्या दिंडीचे काही गाऱ्हाणे आहे, असा त्याचा अर्थ असतो. चोपदार तिच्यापाशी जातो, तक्रार ऐकून घेतो, तिचे निवारण होते. मग ते टाळ थांबतात आणि मगच आरती होते.

२/
माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावण्याचे श्रेय हैबतबाबांना दिले जाते. ते सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली, तेव्हा ज्ञानोबा आणि तुकोबा या दोघांच्या पादुका एकत्रच पंढरीला जात. पुढे देहूकर घराण्यात हक्कांवरून वाद उद्भवले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांनी माउलींची पालखी आळंदीहून स्वतंत्र काढली. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू पुरवले. दिंड्यांचा आणि भजनांचा क्रम लागला.

३/
आजही पुण्यानंतर दोन वाटा फुटतात. तुकोबांची पालखी यवत, बारामती, इंदापूरवरून जाते. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे करत नीरेवर येते आणि पादुकांना स्नान घालून लोणंदला टेकते. वाखरीला दोन्ही वाटा पुन्हा जवळ येतात. एका सोहळ्याचे दोन झाले. पण नवी वाट थोर ठरावी म्हणून जुनी वाट हास्यास्पद ठरवण्याची गरज कोणाला भासत नाही.

४/
परंपरा बदलताना जुन्या मंडळींशी कसे वागावे, हा प्रश्न केवळ धर्मपरंपरेपुढचा नाही. खेळांपुढेही तो उभा राहतो. श्रद्धा आणि खेळ यांची येथे बरोबरी नाही. विचार आहे तो वारसा विभागला जातो तेव्हा काय घडते याचा. त्याचे एक नीट नोंदले गेलेले उदाहरण लोणंदपासून फार दूर, अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात, १६ ऑगस्ट २००७ रोजी सुरू होते.

५/
खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. चारपाच मित्र टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे योद्धा, जादूगार, चोर अशी एकेक भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू काय करणार ते सांगतात आणि यश की अपयश ते वीस बाजूंच्या फाशावर ठरते. पुस्तकात फक्त नियम असतात. कथा छापलेली नसते. ती त्या टेबलावर, त्या रात्री, त्या मित्रांकडून रचली जाते. पुढचे सारे समजण्यासाठी एवढी गोष्ट लक्षात ठेवणे पुरेसे आहे.

६/
या खेळाची वंशावळ युद्धापर्यंत जाते. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी नकाशावर खेळला जाणारा ‘क्रीगश्पील’ १८२४ मध्ये स्वीकारला गेला. त्यातून पुढे हौशी लोकांचे युद्धखेळ वाढले. अमेरिकेत डेव्ह आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी सैन्याऐवजी एकेका पात्राची भूमिका खेळाडूच्या हाती दिली आणि १९७४ मध्ये हा खेळ छापला. पहिली छपाई अवघ्या १,००० प्रतींची होती.

७/
मग आवृत्त्या आल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस विस्तारित ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ रूप, १९८९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती. मूळ कंपनी डबघाईला आल्यावर १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने ती विकत घेतली. १९९९ मध्ये विझर्ड्सलाच हॅस्ब्रोने घेतले. २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि २००३ मध्ये तिचे सुधारित रूप, साडेतीन. तिसऱ्या आवृत्तीबरोबर एक धाडसी गोष्टही आली : मुक्त परवाना. खेळाच्या मूळ नियमांचा आधार घेऊन कोणीही साहसकथा वा पूरक पुस्तके छापून विकू शकत होते. लहान प्रकाशकांचे एक गावच त्याभोवती वसले.

८/
त्या गावातले मोठे घर पायझो या प्रकाशनाचे. ‘ड्रॅगन’ (१९७६ पासून) आणि ‘डंजन’ (१९८६ पासून) ही या खेळाची दोन नियतकालिके ते विझर्ड्सच्या परवान्याने छापत असे. एप्रिल २००७ मध्ये जाहीर झाले की हा परवाना पुढे वाढणार नाही आणि छापील अंक बंद होतील. ज्यांच्या कपाटात तीस वर्षांचे अंक रचलेले होते, त्यांना हा पहिला धक्का होता. शेवटचे अंक, अनुक्रमे ३५९ वा आणि १५० वा, वाचकांच्या हाती पडत होते त्याच सुमारास चौथ्या आवृत्तीची घोषणा झाली.

९/
घोषणा जेन कॉन या वार्षिक मेळ्यात झाली. पुस्तके येणार होती जून २००८ मध्ये. म्हणजे जवळजवळ दहा महिने नियम कोणाच्याच हाती नव्हते. होती ती केवळ जाहिरात. चाहत्यांच्या रोषाचे मूळ येथे आहे. न आलेल्या ग्रंथाची जागा त्याच्या जाहिरातीने घेतली. लोक तीच ओळीओळीने वाचू लागले, तिच्यावर टीका-भाष्ये लिहू लागले. आणि त्या जाहिरातीचा सूर चुकला होता.

१०/
घोषणेच्या वेळच्या चित्रफितीत जुन्या आवृत्त्यांची टर उडवलेली होती. तिसऱ्या आवृत्तीतले झोंबाझोंबीचे नियम किती किचकट होते, हे त्यात विनोदाने दाखवले होते. विनोद खोटा नव्हता. ते नियम खरोखरच किचकट होते आणि खेळाडू स्वत:ही त्यांवर हसत. पण घरातल्या माणसाने घरातल्या गळक्या छपरावर हसणे वेगळे आणि नवे घर विकायला आलेल्याने हसणे वेगळे. त्यातही हे छप्पर याच विक्रेत्याने काही वर्षांपूर्वी पूर्ण किंमत घेऊन घातलेले होते.

११/
दुसरी चित्रफीत २००८ च्या वसंतातली. ‘नोम’ ही खेळातली बुटकी, खोडकर, मायावी जमात. चौथ्या आवृत्तीत तिला खेळाडूंच्या मुख्य पुस्तकातून काढून राक्षसांच्या पुस्तकात टाकले होते. चित्रफितीतला नोम, आपण आता राक्षस झालो म्हणून, लहान मुलासारखी डरकाळी फोडून दाखवतो. अनेकांना हसू आले. तो नोम आजही लाडका आहे. पण वर्षानुवर्षे नोमची भूमिका करणाऱ्या खेळाडूला त्यातून कळले ते एवढेच की त्याच्या पात्राला नव्या पुस्तकात तूर्त जागा नाही. पुढे मार्च २००९ मध्ये, खेळाडूंच्या दुसऱ्या पुस्तकात, नोम परतला. त्यासाठी ते पुस्तक वेगळे विकत घ्यावे लागले.

१२/
तिसरी तक्रार पैशांची. डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ मध्ये नव्या आवृत्तीची ओळख करून देणारी दोन पुस्तके निघाली. त्यांत चित्रे होती, रचनाकारांची मनोगते होती, बदलांची कारणे होती. खेळता येईल असे नियम नव्हते. किंमत प्रत्येकी सुमारे २० डॉलर. मासिके बंद झाल्यावर वाचकांना प्रथम जे विकत मिळाले, ते हे. आमंत्रणपत्रिकेचेही पैसे मोजावे लागावेत, तसे अनेकांना वाटले.

१३/
चौथी तक्रार वचनांची. संगणकाच्या पडद्यावर दूरदूरच्या मित्रांना एकत्र खेळता येईल असे आभासी टेबल घोषणेच्या वेळी दाखवले गेले होते. पुस्तके आली, टेबल आले नाही. काही वर्षांनी ते चाचणीपर्यंत पोहोचले आणि २०१२ मध्ये तेथेच बंद झाले. दाखवलेली वस्तू आणि दिलेली वस्तू यांतले अंतर ग्राहक फार काळ लक्षात ठेवतो.

१४/
प्रकाशकांच्या गावातही अस्वस्थता होती. जानेवारी २००८ मध्ये सांगितले गेले की ज्यांना नवे नियम लवकर पाहून आपली पुस्तके वेळेत तयार करायची आहेत, त्यांनी ५,००० डॉलर भरावेत. परवान्याच्या अटी मात्र महिनोन्महिने येत नव्हत्या. अखेर आला तो मुक्त परवाना नव्हता. पूर्वीपेक्षा आखूड दोरीचा होता. ४ मार्च २००८ रोजी गॅरी गायगॅक्स यांचे निधन झाले. ज्यांनी १,००० प्रतींपासून सुरुवात केली होती ते गेले, तेव्हा त्यांच्या खेळाचे अर्धे घर उरलेल्या अर्ध्याशी भांडत होते.

१५/
दोन आठवड्यांनी, १८ मार्च रोजी, पायझोने निर्णय जाहीर केला. ते चौथ्या आवृत्तीकडे जाणार नव्हते. जुन्या मुक्त परवान्याच्या आधारे साडेतीन आवृत्तीचेच नियम दुरुस्त करून ते ‘पाथफाइंडर’ नावाचा खेळ काढणार होते. कच्चा मसुदा त्यांनी फुकट वाटला आणि खेळाडूंना तो खेळून चुका कळवायला सांगितले. वर्षभराहून अधिक काळ हे चालले. ऑगस्ट २००९ मध्ये, त्याच जेन कॉनमध्ये, पुस्तक आले. २०११ च्या सुमारास अमेरिकी छंद-दुकानांच्या विक्री-पाहण्यांत पाथफाइंडर मूळ खेळाच्या पुढे गेला होता. एका पालखीच्या दोन झाल्या होत्या.

१६/
न्यायाने पाहायचे तर दुसरी बाजूही सांगायला हवी. चौथी आवृत्ती वाईट नव्हती. सूत्रधाराचे काम तिने सोपे केले. लढाईत प्रत्येक पात्राला करण्याजोगे काहीतरी दिले. सुरुवातीची विक्रीही जोरदार होती. तिच्या कित्येक कल्पना पुढच्या खेळांनी उचलल्या. अनेक चाहत्यांनी पुस्तक न उघडताच तिला झिडकारले, हेही खरे. पण ज्यांना दहा महिने केवळ जाहिरातच वाचायला दिली, त्यांनी जाहिरातीवरूनच निवाडा केला, तर दोष एकट्या वाचकाचा नसतो.

१७/
मुळात गफलत कोठे झाली? कंपनीने खेळाडूला ग्राहक मानले. तो ग्राहक होताच. पण तेवढाच नव्हता. छापलेल्या नियमांवर त्याने शेकडो रात्री खर्चून स्वत:च्या कथा रचल्या होत्या. मोबाइलचे नवे रूप आले की जुने टाकून देता येते, कारण जुन्यात वापरणाऱ्याने काही निर्माण केलेले नसते. खेळाच्या जुन्या आवृत्तीत मात्र खेळाडूची निर्मिती असते. तिला हसणे म्हणजे त्या रात्रींना हसणे. नियम बदलले याचा राग अनेकांनी गिळला असता. आपण इतकी वर्षे काहीतरी हास्यास्पद करत होतो, हे ऐकून घेणे त्यांना जड गेले.

१८/
हा धडा विझर्ड्सने घेतला. जानेवारी २०१२ मध्ये पुढच्या आवृत्तीची घोषणा झाली ती मसुदा सर्वांपुढे ठेवण्याच्या वचनासह. लाखाहून अधिक लोकांनी तो खेळून पाहिला, मते कळवली. कोणत्याही जुन्या आवृत्तीची टर उडवली गेली नाही. २०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीला अभूतपूर्व यश मिळाले.

१९/
आणि तरी धडा पुरता मुरला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पुढच्या सुधारणेची घोषणा झाली. जानेवारी २०२३ मध्ये, जुना मुक्त परवाना रद्दबातल करू पाहणारा मसुदा बाहेर फुटला आणि टाळ पुन्हा वाजू लागले. या वेळी ते काही आठवड्यांतच ऐकले गेले. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, पुन्हा परत घेता येणार नाही अशा रीतीने, सर्वांना खुला केला. त्यानंतर २०२४ मध्ये सुधारित पुस्तके निघाली.

२०/
माउलींच्या सोहळ्यात ‘मालक’ हा शब्दही आहे. आरफळकर घराण्याच्या वारसांसाठी तो वापरतात. पण त्या मालकीत दिंड्या विकत घेण्याचा अधिकार नाही. दिंड्या चालल्या तर सोहळा चालतो, एवढे मालकाला, चोपदाराला आणि वारकऱ्याला सारखेच ठाऊक असते. म्हणूनच लोणंदच्या तळावर एका दिंडीचे टाळ वाजत असताना आरती सुरू होत नाही. गाऱ्हाणे बहुधा लहानसेच असते : पाणी मिळाले नाही, क्रम चुकला, कोणाचे सामान हरवले. ते ऐकले जाते. मग सारे टाळ थांबतात, आरती होते, आणि पुढच्या मुक्कामासाठी पालखी तरडगावच्या वाटेला लागते, तेव्हा चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण लागते.