ड्रायव्हरला मारलं कोणी?

'द बिग स्लीप' आजवर तीनदा पाहिला, पण ओवेन टेलरला कोणी मारलं ते मला अजूनही सांगता येत नाही. (पिक्चर बघायचा राहिला असेल तर पुढे थोडं रहस्य फुटणार आहे, आधीच सांगून ठेवतो.)

हा टेलर म्हणजे जनरल स्टर्नवूड नावाच्या धनाढ्य म्हाताऱ्याचा ड्रायव्हर. म्हाताऱ्याला दोन मुली. धाकटीच्या भानगडींवरून गायगर नावाचा माणूस पैसे उकळतोय, म्हणून फिलिप मार्लो (हम्फ्री बोगार्ट) या डिटेक्टिव्हला बोलावलंय. गायगरचा खून होतो आणि त्याच रात्री टेलर गाडीसकट समुद्रात जातो. गायगरला टेलरने मारलं हे कळतं. पण टेलरला? ब्रॉडी म्हणून एक जण त्याच्या डोक्यात हाणल्याचं कबूल करतो, जीव घेतल्याचं नाही. आणखी खोदून विचारायच्या आत ब्रॉडीच दारात गोळी खाऊन आडवा!

शूटिंगच्या वेळी हाच प्रश्न खुद्द दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सलाही पडला. मूळ कादंबरी (१९३९) रेमंड चँडलरची, म्हणून त्यालाच तार केली. उत्तर काय, तर मलाही माहीत नाही! पटकथाकारांत विल्यम फॉकनर होता, पुढे नोबेल मिळालेला. तरी उत्तर नाही ते नाहीच.

त्यात हॉलिवूडची तेव्हाची सेन्सॉरशिप. गायगरचं दुकान दिसायला दुर्मिळ पुस्तकांचं, खरा धंदा अश्लील पुस्तकांचा. कादंबरीत हे सरळ आहे, पिक्चरमध्ये उच्चारायचीही सोय नाही. म्हणजे लोक एकमेकांच्या जिवावर का उठलेत ते आपणच ओळखायचं.

पण खरी गंमत पुढेच आहे. पिक्चर १९४५ मध्येच तयार होता, परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना दाखवलाही होता. युद्ध संपत आलेलं, म्हणून वॉर्नरने युद्धपट आधी बाहेर काढले आणि हा डब्यात ठेवला. मधल्या काळात लॉरेन बकॉलचा दुसरा एक पिक्चर समीक्षकांनी झोडपला. तिच्या एजंटने जॅक वॉर्नरला पत्र लिहिलं की हिला जरा उद्धट, तिखट सीन द्या. मग १९४६ च्या सुरुवातीला नवे सीन शूट झाले. रेस्टॉरंटमध्ये बोगार्ट-बकॉल घोड्यांच्या शर्यतीबद्दल बोलतात (घोड्यांबद्दल अजिबात नाही!) तो त्यातलाच. आणि जागा करायला कापलं काय? तर सरकारी वकिलाच्या ऑफिसात बसून मार्लो सगळी केस उलगडून सांगतो तो सीन!

ऑगस्ट १९४६ मध्ये लागला तो हा पिक्चर, आणि नाव झालं ते याचंच. जुनी आवृत्ती १९९७ मध्ये लोकांसमोर आली. मी दोन्ही पाठोपाठ पाहिल्या. जुनी नक्कीच जास्त कळते. पण तो उलगड्याचा सीन आला आणि मी चक्क घड्याळ पाहिलं.

रूममेटचं म्हणणं, ही शुद्ध फसवणूक. मर्डर मिस्टरी म्हटली की पॉयरोसारखं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून हिशेब द्यायलाच हवा. त्याचं चूक आहे असं नाही. आमच्या धंद्यातही रूट कॉज लिहिल्याशिवाय तिकीट बंद होत नाही. गेल्या महिन्यात आमचा एक सर्व्हर रात्री अडीचला झोपला आणि आपणहून उठला. तीन दिवस लॉग चाळले, हाती शून्य. 'कारण सापडलं नाही' असं लिहिलं, तर वरून निरोप की काहीतरी लिहा, नेटवर्क लिहा. नाही लिहिलं. तिकीट अजून माझ्या नावावर उघडं आहे आणि अप्रेझल तोंडावर आलंय. अशा वेळी चँडलरची ती तार फार आवडते बुवा.

असो. बघणार असाल तर १९४६ चीच आवृत्ती आधी बघा. पाऊस पडत असतो, गायगरच्या समोरच्या पुस्तकाच्या दुकानात मार्लो वेळ काढत थांबतो, आणि दुकानातली डोरोथी मलोन चष्मा काढून ठेवते. गोष्टीला या सीनची फारशी गरज नाही. पण तेवढी पाच मिनिटं कोणी कोणाला मारलं हे माझ्या तरी डोक्यात राहत नाही.