वऱ्हाडातला अर्धा र

संकेतस्थळे उभारणाऱ्या मंडळींची एक सवय असते. कोडचे छोटे छोटे तुकडे ते एका फायलीत साठवून ठेवतात आणि अडले की तिथून उचलून चिकटवतात. आजीबाईच्या बटव्यासारखाच हा ऐवज. बहुतेकदा गुणकारी, क्वचित भलत्याच रोगावर दिलेला. साहित्याच्या प्राध्यापकाचा त्याच्याशी संबंध यावा असे काही नाही. माझा आला तो वऱ्हाडी शब्दांमुळे.

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांनी घराघरांतून वऱ्हाडी शब्द जमवावेत आणि ते एका साध्या संकेतस्थळावर मांडावेत, असा आमचा उपक्रम होता. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मधले संवाद वर्गात वाचताना मुलांचे चेहरे जसे उजळतात, त्यातून ही कल्पना निघाली. शब्द आले, म्हणी आल्या, आजीच्या तोंडची वाक्ये आली. पान तयार झाल्यावर शोधाच्या चौकटीत मी पहिला शब्द लिहिला तो अर्थातच 'वऱ्हाड'. समोर डोळ्यांना दिसणाऱ्या कितीतरी नोंदी शोधाला मात्र सापडेनात.

कारण मोठे उद्बोधक निघाले. 'वऱ्हाड' मधला तो पापणीसारखा आडवा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. एक मार्ग ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडण्याचा. दुसरा, साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे 'शून्य रुंदीचा जोडक' नावाचे अदृश्य चिन्ह देण्याचा; युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून प्रमाणग्रंथाने तोही मान्य केला आहे. तिसरा, र खाली नुक्ता देऊन. पहिल्या प्रकारात 'वऱ्हाड' सहा चिन्हांचा होतो, उरलेल्या दोहोंत सातांचा. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते तीन वेगळे शब्द वाटतात. कोणाच्या कळफलकातून कोणते रूप उमटेल हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. थोडक्यात, आमच्या प्रदेशाला स्वतःचे नावच धड सापडत नव्हते.

मदतीला आलेल्या तरुण संगणकतज्ज्ञाने बटवा उघडला. त्यात मजकुरातील सर्व अदृश्य चिन्हे पुसून टाकणारा एका ओळीचा तयार तुकडा होता. इंग्रजी मजकुरावर तो निर्धोक चालतो, कारण तेथे असे चिन्ह बहुधा नक्कल करताना चिकटून आलेला कचराच असते. मराठीत तेच चिन्ह अर्थ वाहते. ते पुसले की र वरच्या रफारात जातो. 'दऱ्या' चा 'दर्या' होतो. डोंगर उतरून आपण थेट समुद्रात. 'आचाऱ्यांना बोलवा' या वाक्याने स्वयंपाकी येण्याऐवजी आचार्य येतात. (आमच्या क्षेत्रात हा बदल फारसा कोणाच्या लक्षात येणार नाही, ही गोष्ट वेगळी.)

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे स्थान. मराठी भाषा विद्यापीठ आता तेथेच आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले, म्हणजे ठरलेल्या संकेताने एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजले. संप्रदायाबाहेरच्या वाचकाला ते ग्रंथ शतकानुशतके बंद होते. पण किल्ली हाती येताच मजकूर परत मिळाला, कारण संकेताने अक्षर लपवले होते, नष्ट केले नव्हते. आपला पुसणारा तुकडा नेमके उलटे करतो. चिन्ह एकदा गेले की 'दर्या' मुळात दर्याच होता की दऱ्या, हे सांगणारी किल्ली कोठेच उरत नाही.

म्हणून आम्ही दुसरा तुकडा लिहिला. त्याला तीनच कामे: मूळ मजकुराची प्रत वेगळी ठेवणे, युनिकोडचे प्रमाणीकरण चालवणे, ज्याने नुक्त्याचे रूप ऱ मध्ये मिळते, आणि प्रमाणीकरण ज्याला हात लावत नाही ते जोडकाचे रूप शोधून तेही ऱ मध्ये बदलणे. शोधाच्या चौकटीत लिहिलेल्या शब्दालाही हीच प्रक्रिया, नाहीतर सारे व्यर्थ. पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला यात नवे काही नाही: लेखनिकाच्या हाताने पडलेला भेद मिटवावा, बोलणाऱ्याच्या मुखातला भेद जपावा.

दुसरे पथ्य लगेच कसाला लागले. वऱ्हाडीत ळ चा य होतो. डोळा म्हणजे 'डोया', शाळा म्हणजे 'शाया'. प्रमाण रूपाने शोधणाऱ्याला हे शब्द मिळावेत म्हणून य च्या जागी सरसकट ळ घालावा, अशी सूचना आली. पण 'काया' म्हणजे काळा आणि काया म्हणजे देहही. कोणता य मुळात ळ होता, हे यंत्राला कसे कळावे? ते त्या घरातल्या माणसालाच विचारावे लागते. शेवटी प्रत्येक नोंदीला प्रमाण रूपाचा एक वेगळा रकाना दिला आणि मुलांनी तो हाताने भरला. काम कंटाळवाणे होते, पण एका मुलीने त्या निमित्ताने आजीला पुन्हा फोन केला आणि नव्या अकरा शब्दांसह परतली.

बाकीचे तुकडे किरकोळ. वर्णसंच यू-टी-एफ-८ असल्याची ओळ पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांत हवी. अक्षरांमधले अंतर वाढवणारा शैलीनियम देवनागरीला लावू नये, शिरोरेखा तुटते. शब्दांचा क्रम मात्र किरकोळ नव्हे. नुसत्या संकेतांकानुसार लावले तर ळ हा ल च्या लगेच पुढे येऊन बसतो, कारण युनिकोडने त्याला तेथे जागा दिली आहे. क्रम लावणाऱ्या आज्ञेला भाषा मराठी असल्याचे दोन अक्षरांत सांगितले की तो ह च्या मागे, आपल्या वर्णमालेतल्या जागी जातो. आमच्या यादीत 'डोया' य च्या क्रमाने लागतो, आणि त्याच्या रकान्यात 'डोळा' लिहिलेला असतो.