तुर्भ्याचा डोंगर: चेंबूरची बंद वाट

१/ चेंबूरमधील एखाद्या उंच गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिले, की एक लांबट, झाडीने भरलेला डोंगर दिसतो. हा तुर्भ्याचा, म्हणजेच ट्रॉम्बेचा डोंगर (नवी मुंबईतील तुर्भे निराळे). उंची सुमारे ३०० मीटर. मुंबईचे भटके कर्नाळा आणि माथेरान गाठतात. दाराशी असलेल्या या धारेवर मात्र कोणी जात नाही. ती भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कुंपणाआड आहे. त्यामुळे इथली एका दिवसाची भटकंती पायथ्यानेच करावी लागते.

२/ एकेकाळी तुर्भे हे स्वतंत्र बेट होते आणि चेंबूर त्याच्या वायव्य टोकावर वसलेले होते. ब्रिटिश काळातील इंग्रजी लेखनात या डोंगराला 'नीट्स टंग', म्हणजे बैलाची जीभ, असे नाव आढळते. खाडीत शिरणाऱ्या गलबतांना ही धार दुरूनच ओळखू येत असे.

३/ चालणारा चेंबूर स्थानकापासून निघतो. कुर्ला-चेंबूर लोहमार्ग १९०६ मध्ये टाकला गेला, तो शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. प्रवाशांसाठी तो खुला झाला १९२४ साली. शहराला जे आपल्याजवळ नको होते, ते या बाजूला पाठवण्याची रीत इतकी जुनी आहे.

४/ शीव-ट्रॉम्बे रस्त्याला लागल्यावर राज कपूर यांनी १९४८ साली स्थापन केलेल्या आर. के. स्टुडिओची जागा मागे पडते. पुढे देवनार, मग अणुशक्तीनगर. येथपासून डोंगर उजव्या हाताला सतत सोबत करतो. त्याच्या पश्चिमेला, माहुलच्या बाजूस, १९५४-५५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. एकाच डोंगराच्या एका अंगाला चिमण्या व टाक्या, दुसऱ्या अंगाला रान.

५/ हे रान टिकले कसे? १९५४ मध्ये येथे अणुऊर्जा आस्थापनेची स्थापना झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. डॉ. होमी भाभा यांच्या निधनानंतर, १९६७ मध्ये, संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. भाभांचे वृक्षप्रेम प्रसिद्धच आहे. परंतु धारेचे खरे रक्षण केले ते सुरक्षेच्या कुंपणाने. जेथे पाऊल पडू शकत नाही, तेथे कुऱ्हाडही पोहोचत नाही आणि इमारतही चढत नाही.

६/ या बंदिस्तपणाची किंमत पायथ्याशी मोजली गेली. केंद्राला लागून जनता कॉलनी ही मोठी वस्ती होती. तेथील अनेकांना पालिकेनेच शहराच्या इतर भागांतून आणून वसवले होते. केंद्राला ती जागा हवी होती. जोकिन अर्पुतम यांच्या नेतृत्वाखाली रहिवाशांनी अनेक वर्षे लढा दिला. अखेर आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, वस्ती पाडण्यात आली आणि माणसांना चिता कॅम्प येथे हलवण्यात आले. पुढे २००० साली अर्पुतम यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

७/ चालणारा त्याच चिता कॅम्पमधून पुढे ट्रॉम्बेच्या कोळीवाड्याकडे जातो. दाट घरे, अरुंद गल्ल्या, आणि छपरांच्या वर तीच हिरवी धार. जिथे एक पाऊलभर जागेसाठी माणसे झगडली, तिथूनच ओसाड वाटणारे एवढे मोठे रान रोज दिसत राहते.

८/ वाट ठाण्याच्या खाडीपाशी संपते. पाण्यात होड्या, पलीकडे नवी मुंबई. डोंगराला वळसा पूर्ण घालता येत नाही. पुढचा किनारा पुन्हा कुंपणाआड जातो.

९/ या धारेचा इतिहास झाडांच्या वयावरून सांगता येणार नाही. तिच्यासोबत कचऱ्याची गाडी, अणुभट्टी आणि उठवलेली वस्ती यांचाही हिशेब मांडावा लागतो. मुंबईला हे रान हवेच आहे. मात्र ते कोणाच्या घरांच्या बदल्यात राखले गेले, हे ठाऊक असलेल्याने त्याच्याकडे पाहावे.